पडद्यावरची बाई, पडद्यावरचा पुरुष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमांचा अभ्यास करणारे विद्यार्थी, शाळेतले शिक्षक आणि मालिका बघता बघता वैतागलेले प्रेक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळायला दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्त्री आणि पुरुष वेगळे दिसणारच. मग "वेगळं चित्रण" म्हणजे नेमकं काय?

कपडे, केस, आवाज यांतला फरक हा मुद्दा नाही. बघायच्या गोष्टी तीन: काम कोण करतं, बघतं कोण आणि बघितलं कोणाला जातं, आणि गोष्ट कोणाच्या निर्णयाने पुढे सरकते. साधं उदाहरण घ्या. जाहिरातीत बाई पोहे करत असते तेव्हा ते पोहे मागे चाललेलं काम असतं, संवाद दुसऱ्याच विषयावर असतो. पुरुष पोहे करायला लागला की संगीत बदलतं, घरातले सगळे ओट्याभोवती गोळा होतात आणि पोहे हाच जाहिरातीचा विषय होतो. पोहे तेच, कढई तीच. एकाचं काम गृहीत धरलेलं आणि दुसऱ्याचं कौतुकाचं.

म्हणून आमचा पहिला सल्ला: मत बनवण्याआधी क्रियापदं मोजा. ती बसली, रडली, वाट पाहिली, सजली. तो निघाला, ओरडला, सही केली, परत आला. एका भागाची अशी यादी केली तरी बरंच काही आपोआप दिसतं.

२. मराठी मालिकांमध्ये तर बायकाच बायका असतात. मग तक्रार कसली?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि रास्त आहे. पडद्यावरची मिनिटं मोजली तर बहुतेक कौटुंबिक मालिकांत बायकांचं पारडं जड निघतं. फक्त मिनिटं मोजून थांबणारा अहवाल म्हणूनच फसतो.

आता दुसरा रकाना आखा: बेत कोण आखतं? फोन कोण फिरवतं, कागदपत्रं कोण हलवतं, पैशाची व्यवस्था कोण करतं? पुष्कळ मालिकांत ही सगळी धडपड खलनायिकेच्या वाट्याला येते. नायिकेचा गुण सोसणं आणि समजून घेणं. ती हुशार असेल, तर ती हुशारी दुसऱ्याने रचलेला डाव उलगडण्यात खर्ची पडते, स्वतःचं काही उभारण्यात क्वचितच. म्हणजे बाईला कर्तृत्व मिळतं, पण ते वाईटपणाची खूण म्हणून. वेशभूषाकारालाही हे पक्कं ठाऊक असतं: काठपदराची साडी, वेणी आणि छोटी टिकली एकीकडे, बिनबाह्यांचं ब्लाऊज आणि मोकळे केस दुसरीकडे. आवाज बंद करून पाहिलं तरी कोण कोण आहे ते कळतं.

तेव्हा "बायका कमी दाखवतात" ही तक्रार मालिकांना लागू नाही. बातम्यांना लागू आहे (प्रश्न ११).

३. "समाजात आहे तेच दाखवतो" असं निर्माते म्हणतात. त्यावर काय बोलायचं?

समाजात काय आहे त्याचे आकडे समोर ठेवायचे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. दरी मोठी आहे, यात वाद नाही. पण त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा सहसा कोणी सांगत नाही: त्या दिवशी काही ना काही घरकाम केलेल्या पुरुषांचं प्रमाण २६.१ टक्के होतं, बायकांचं ८१.२ टक्के.

आता तुम्ही भांडी, कपडे, फरशी, मसाले यांच्या ५० जाहिराती जमवल्या आणि त्यांत एकही पुरुष हात ओला करताना दिसला नाही, तर ते समाजाचं प्रतिबिंब उरत नाही. समाजात चौघांतला एक जण काहीतरी करतो, जाहिरातीत शून्य. आरसा दाखवतोय म्हणणाऱ्याचा आरसाच वाकडा निघतो. हा युक्तिवाद आकड्यांवर उभा असल्यामुळे टिकतो. "आमच्या भावना दुखावल्या" हा टिकत नाही.

४. मला स्वतःला एक मालिका तपासायची आहे. सुरुवात कशी करू?

वही, पेन, दुसरा एक माणूस आणि सहा भाग. एवढं पुरतं.

भाग निवडताना सलग आठवडा घेऊ नका. त्यात लग्नाचा किंवा मंगळागौरीचा सोहळा चालू असेल तर सगळे आकडे तिकडेच झुकतात. पहिल्या आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, तिसऱ्यातला बुधवार असं करत शनिवारपर्यंत जा. सहा आठवड्यांतून मिळून एक "बांधलेला आठवडा" तयार होतो. महाएपिसोड वगळा किंवा वेगळे मोजा.

एकक म्हणून प्रसंग धरा. जागा किंवा वेळ बदलली की नवा प्रसंग. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २० ते २२ मिनिटं मजकूर उरतो. प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ आणि हे रकाने:

- ठिकाण (स्वयंपाकघर, दिवाणखाना, ऑफिस, रस्ता, दवाखाना)
- उपस्थित बायका किती, पुरुष किती
- पहिलं वाक्य कोणाचं, शेवटचं कोणाचं
- हातात काय आहे (ताट, फाइल, मोबाइल, गाडीची किल्ली, काहीच नाही)
- विषय काय
- निर्णय कोणाचा

शेवटचा रकाना सगळ्यात भांडणाचा. त्याची व्याख्या आधी लिहून ठेवा. आम्ही वापरतो ती अशी: एखाद्याच्या बोलण्यामुळे किंवा कृतीमुळे दुसऱ्या कोणी आपलं वागणं बदललं, तर तो निर्णय. "मला वाटतं" म्हणणं हा निर्णय नव्हे. वडिलांनी मान हलवली आणि सगळे उठून गेले, तर तो निर्णय.

दोघांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्र नोंदी करायच्या आणि मग जुळवायच्या. ४० प्रसंगांपैकी ३४ ठिकाणी एकमत झालं तर ८५ टक्के, चालेल. ८० च्या खाली आलं तर माणसं बदलू नका, व्याख्या सुधारा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजा.

हमखास होणाऱ्या चुका: "मागील भागात" हा तुकडा दोनदा मोजणं, स्मृतिदृश्यं चालू प्रसंगात धरणं, आणि भाग पळवत पाहणं. पळवलं की गप्प बसलेली माणसं निसटतात, आणि आपल्याला मोजायची असतात नेमकी तीच.

५. बेक्डेल चाचणी काय असते? मराठीला लागू पडते का?

अमेरिकन चित्रकथाकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका चित्रपट्टीतून ही आली. कल्पनेचं श्रेय त्या आपली मैत्रीण लिझ वॉलेस हिला देतात. अटी तीन: चित्रपटात किमान दोन बायका हव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलायला हवं, आणि विषय पुरुष सोडून काहीतरी हवा. दोघींना नाव असावं, ही अट नंतर रूढ झाली.

मराठीत अडचण नावापाशी येते. आपल्याकडे बाईला पडद्यावर आई, काकू, वहिनी, सूनबाई म्हणून हाक मारतात आणि पूर्ण चित्रपटात नाव उच्चारलंच जात नाही. आम्ही नियम असा धरतो: कोणीतरी नावाने हाक मारली किंवा श्रेयनामावलीत नाव असेल तर नाव आहे. श्रेयनामावलीत "नायकाची आई" एवढंच असेल तर नाही. हा रकाना पुरुषांसाठीही भरा. "शेजारचे काका" निघतातच, पण प्रमाण ताडून बघण्यासारखं असतं.

दुसरी अडचण विषयाची. सासू-सून मुलाच्या आवडीच्या भाजीबद्दल बोलत असतील तर विषय भाजी की मुलगा? आमच्या मते मुलगा. तिसरं, ही चाचणी चित्रपट चांगला की वाईट हे सांगतच नाही. टुकार चित्रपट सहज पास होतो, आणि तुरुंगात एकट्या पडलेल्या बाईवरचा उत्कृष्ट चित्रपट नापास होतो. ती एका चित्रपटासाठी वापरू नका, वर्षभरातल्या ३०-४० चित्रपटांच्या गठ्ठ्यासाठी वापरा. दोनपात्री नाटकाला तर ती लावायचीच नसते.

६. "पुरुषी नजर" कॅमेऱ्यात ओळखायची कशी? की हे सगळं आपल्या मनाचं?

ओळखता येते, कारण ती शॉटमध्ये असते. १९७५ मध्ये ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी एका निबंधात ही कल्पना मांडली: कॅमेरा, पात्र आणि प्रेक्षक या तिघांची नजर एकाच बाजूने बाईकडे वळवलेली असते. घरबसल्या तपासायला नायक आणि नायिका यांचे प्रवेशाचे शॉट शेजारी शेजारी ठेवा.

दोघांनाही तुकड्यांत दाखवतात, हे आधी मान्य करू. "फक्त बाईच्या शरीराचे तुकडे करतात" हे विधान एका मारधाडपटात खोटं पडतं. फरक आहे तो तुकडा काय करतो यात. नायकाचा बूट जमिनीवर आदळतो, मूठ वळते, हात गाडीचा गिअर टाकतो. नायिकेची कंबर, ओठ, पाठ, ओले केस यांना काहीच काम नसतं. तेव्हा प्रत्येक क्लोजअपपुढे लिहा: अवयव कोणता, आणि तो काही करतो का.

मग पुढचा शॉट बघा. तिच्या लांबलेल्या शॉटनंतर बघणाऱ्या पुरुषाचा चेहरा आला, तर आपण त्याच्या डोळ्यांनी बघत होतो हे सिद्ध झालं. तो चेहरा आलाच नाही तर नजर थेट प्रेक्षकाची. स्लो मोशनचे सेकंदही मोजा. मोबाइलवरचं साधं स्टॉपवॉच पुरतं.

७. छायाचित्रातला चेहरा मोजतात म्हणे. ते कसं करायचं?

पट्टी घ्या. डोक्याच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजा. मग डोक्याच्या त्याच टोकापासून छायाचित्रात दिसणाऱ्या शरीराच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचं अंतर मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. चेहरा ४ सेंमी आणि एकूण १२ सेंमी असेल तर ०.३३. फक्त चेहरा असेल तर १. डोक्यापासून पायापर्यंत उभी व्यक्ती साधारण ०.१३ च्या आसपास येते.

संशोधक डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अमेरिकी नियतकालिकांतली १,७५० छायाचित्रं अशी मोजली. पुरुषांची सरासरी ०.६५ आली, बायकांची ०.४५. म्हणजे पुरुषाचा चेहरा, बाईचा देह. एखाद्या रविवार पुरवणीचे चार अंक घेऊन हे सहज करता येतं.

काय वगळायचं: गटातली छायाचित्रं, खेळाच्या मैदानावरची, पासपोर्ट पद्धतीची (ती सगळ्यांचीच सारखी येतात) आणि पगडी, फेटा किंवा अंबाडा यामुळे डोक्याचं टोक कळत नसेल अशी. झुकलेल्या मानेचं अंतर तिरकं मोजा, सरळ खाली नको.

८. जाहिरातीत कोणत्या खुणा बघू?

चार प्रश्न विचारा: वस्तू वापरतं कोण, विकत घेतं कोण, पैसे देतं कोण, आणि ती चांगली आहे हे समजावून सांगतं कोण. कपड्यांच्या पावडरीच्या जुन्या धाटणीच्या जाहिरातीत वापरणारी बाई असते आणि डाग कसा निघतो ते सांगणारा आवाज पुरुषाचा. हा निवेदकाचा आवाज हमखास नोंदवा. तो पडद्यावर दिसत नसल्यामुळे नवखे अभ्यासक त्याला मोजतच नाहीत.

विम्याच्या आणि बचतीच्या जाहिरातींत वाक्यरचना बघा. "मुलाचं शिक्षण, मुलीचं लग्न" ही जोडी इतकी मुरलेली आहे की ती लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

स्थिर चित्रांसाठी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७० च्या दशकात शेकडो जाहिराती चाळून काढलेल्या खुणा अजून उपयोगी पडतात. बाईची बोटं वस्तूला घट्ट धरत नाहीत, नुसती तिच्या कडेवरून फिरतात. दोघं एकत्र असतील तर तो उंच, आणि तो शिकवतोय, ती बघतेय. तिची मान कललेली, नजर चौकटीबाहेर कुठेतरी. दिवाळीतल्या दागिन्यांच्या पूर्ण पानभर जाहिराती घेऊन बसा, पंधरा मिनिटांत सगळ्या खुणा सापडतील. मात्र दागिन्याच्या जाहिरातीत बोट अंगठीवर असणं ही वस्तूची गरज आहे. तीच खूण पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीत दिसली तर तिला अर्थ आहे.

९. नायकाची आई इतकी तरुण का असते?

कारण वय दोघांना वेगळ्या दराने लागतं. १९५७ च्या 'मदर इंडिया'त आई झालेल्या नर्गिस आणि मुलगा झालेले सुनील दत्त या दोघांचा जन्म जून १९२९ चा, पाच दिवसांच्या अंतराने. तिथे एकच अभिनेत्री तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत दिसते, त्यामुळे सबब आहे. २००५ च्या 'वक्त'मध्ये मात्र अक्षय कुमार (जन्म १९६७) यांच्या आईच्या भूमिकेत शेफाली शाह (जन्म १९७३) होत्या. आई मुलापेक्षा सहा वर्षांनी धाकटी.

तपासताना चित्रपट प्रदर्शित झाल्याचं वर्ष वजा जन्मवर्ष असा हिशेब करा आणि नायक-नायिका, आई-मुलगा, वडील-मुलगी या तीन जोड्यांचे तीन वेगळे तक्ते ठेवा. कथेतली वयं धरू नका. ती लेखक हवी तशी ठरवतो.

१०. जुनी चित्रं, कॅलेंडरं यांनाही हे लावायचं का?

लावायचं, पण काळाचं भान ठेवून. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या ओलिओग्राफमुळे (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांमुळे) लक्ष्मी-सरस्वती साडी नेसून घराघरांतल्या भिंतींवर आल्या. देवी कशी दिसते आणि बाई कशी दिसावी, या दोन्ही कल्पना एकाच छपाईतून पसरल्या.

त्या काळातल्या व्यक्तिचित्रांत हातातल्या वस्तूंची यादी करा. पुरुषाच्या हातात किंवा शेजारी पुस्तक, काठी, घड्याळ, कागद, म्हणजे त्याचा पेशा. बाईच्या हातात फूल, आरसा, मूल, वीणा, दिवा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं प्रसिद्ध जलरंगचित्र अनेक जण रवि वर्म्यांचं समजतात. ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे, आणि त्यासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. चित्र अप्रतिम, दिव्याचा उजेड बोटांमधून झिरपताना दिसतो. तरीही खूण नोंदवायला हरकत नाही: ती उजेडाने दिसते. उजेडात काही करत नाही. खूण नोंदवली म्हणजे चित्राला नावं ठेवली असं होत नाही.

आणि सही बघायला विसरू नका. गेरिला गर्ल्स या अमेरिकी कलावंत गटाने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजदाद करून १९८९ मध्ये फलक काढला होता: आधुनिक कला विभागात स्त्री चित्रकार ५ टक्क्यांहून कमी, नग्नचित्रांतल्या व्यक्ती मात्र ८५ टक्के स्त्रिया.

११. बातम्यांच्या भाषेत काय चुकतं?

इथे संख्या आणि शब्द दोन्ही चुकतात. जगभरातल्या बातम्यांची दर पाच वर्षांनी एकाच दिवशी मोजणी करणारा एक प्रकल्प आहे. बातम्यांत ज्यांच्याबद्दल लिहिलं-बोललं जातं किंवा ज्यांचं म्हणणं घेतलं जातं त्यांत स्त्रिया १९९५ मध्ये १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५. पंचवीस वर्षांत आठ टक्केबिंदूंची वाढ. मोजताना तज्ज्ञ म्हणून बोलणारी आणि प्रत्यक्षदर्शी किंवा शेजारीण म्हणून बोलणारी, असे दोन रकाने करा.

शब्दांसाठी सर्वांत सोपी कसोटी अदलाबदलीची. वाक्यातली बाई काढून पुरुष घाला. "विवाहितेची आत्महत्या" हा मथळा रोजचा, "विवाहिताची आत्महत्या" कधी वाचलंय? "महिला चालकाच्या गाडीची धडक" छापतात, "पुरुष चालकाच्या" छापत नाहीत. "एकतर्फी प्रेमातून हल्ला" हा तर आमच्या मते मराठी मथळ्यांतला सगळ्यात घातक शब्दप्रयोग. हल्ल्याला प्रेमाचं कारण चिकटतं, आणि हल्ला करणारा वाक्यातून गायब होतो. "नकार दिल्यामुळे तरुणाने वार केले" असं लिहिलं तर कर्ता परत येतो, पण कारण तिच्या नकाराकडे सरकतं. "तरुणाने वार केले, तरुणी जखमी" एवढं पुरे. कारण तपासात यायचं ते येईल.

"महिला कवयित्री" मध्ये महिला दोनदा आली. "सरपंच" शब्दाला लिंग नाही, तिथे नुसतं नाव पुरतं. आणि पंचायतीत निम्म्या जागा राखीव असलेल्या राज्यात सरपंचपतीची प्रतिक्रिया सरपंचाची म्हणून छापणं ही सरळ चूक आहे. फोन तिलाच करायचा.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भाषेचा नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नाव टाळून गल्ली, वडिलांचा व्यवसाय आणि कॉलेज लिहिलं तरी ओळख उघड होतेच.

१२. पुरुषांचंही चुकीचं चित्रण होतं. त्याबद्दल कोणी का बोलत नाही?

बोलायलाच हवं, आणि मोजायलाही. मुलाचा डबा भरताना गोंधळ घालणारा बाबा, न रडणारा मुलगा, कर्जाच्या ओझ्याखाली एकटा उभा राहणारा घरकर्ता, मारामारीशिवाय प्रेम सिद्ध करू न शकणारा प्रियकर: हे सगळे साचेच. डब्याचा गोंधळ गमतीदार वाटतो, पण त्याचा हिशेब बाईच्याच खात्यात जमा होतो. त्याला जमत नाही असं ठरलं की ते काम कायमचं तिचं.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये लिंगाधारित साच्यांविषयी काढलेली तत्त्वं बाई आणि पुरुष दोघांनाही लागू आहेत. केवळ पुरुष आहे म्हणून घरकामात नालायक दाखवणं त्यांतही बसत नाही.

१३. पूर्वी पुरुषच स्त्रीभूमिका करायचे. मग आजच्या विनोदी कार्यक्रमातल्या साडी नेसलेल्या पुरुषाला नावं का ठेवता?

साडीला कोणी नावं ठेवत नाही. विनोद कशावर आहे ते बघा.

१९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके पुरुष होते, कारण कोणी बाई काम करायला तयार नव्हती. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. रंगभूमीवर बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल खऱ्या बायका करत. तिथे पुरुष बाई झालाय हे विसरायला लावणं ही कला होती. (त्यातून "आदर्श स्त्री" कशी असते हे एका पुरुषाने ठरवलं, हा मुद्दा उरतोच.) आजच्या स्किटमध्ये पुरुष आहे हे सतत लक्षात आणून देणं हाच विनोद असतो: जाड आवाज, घसरलेला पदर, आणि अंगाला हात लावणारा दुसरा नट. नोंद करताना प्रत्येक हशापुढे कारण लिहा: प्रसंग, शब्द, की शरीर. शरीरावरचे हशे निम्म्याहून जास्त निघाले तर तो बाईच्या शरीरावरचा विनोद आहे, नेसणारा कोणीही असो.

१४. लावणी म्हणजे पुरुषी नजरच नाही का?

अवघड प्रश्न. पारंपरिक लावणीतली "मी" बाई आहे, पण ती लिहिणारे बहुतेक शाहीर पुरुष. म्हणजे इच्छा तिच्या तोंडी, शब्द त्याचे. दुसरीकडे, सादर करणारी कलावतीण त्या शब्दांचं काय करते हे तिच्या हातात असतं. बैठकीच्या लावणीत बसल्या जागी चेहरा, डोळे आणि हात यांवर एकाच ओळीचे अनेक अर्थ काढले जातात. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतीच्या अदेत समोरचा रसिकच बऱ्याचदा कोंडीत सापडतो. बघणारी ती असते.

चित्रपटात हीच लावणी आली की कॅमेरा चेहरा सोडून कमरेवर जातो आणि दर दोन ओळींना फेटे उडवणारे पुरुष दाखवतो. तेव्हा दोष लावणीवर ढकलण्याआधी प्रश्न ६ मधली शॉटची नोंद करा. चेहऱ्यावर किती सेकंद, बाकी देहावर किती.

१५. शाळेच्या पुस्तकांचं काय?

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची बातमी झाली. बातमी व्हावी लागली यातच सगळं आलं. तपासताना चित्रं आणि मजकूर वेगळे मोजा. चित्रकार बदलतो, मजकूर तोच राहतो, त्यामुळे शेजारच्या दोन पानांत विसंगती सापडते. गणिताचं पुस्तक विसरू नका: शाब्दिक उदाहरणांत दुकानदार, शेतकरी, बँकेत पैसे ठेवणारा कोण आणि रांगोळी काढणारी कोण, हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसतं.

१६. तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी पुरावा जपा: तारीख, वेळ, वाहिनी, स्क्रीनशॉट किंवा दुवा. ऑनलाइन मजकूर दुसऱ्या दिवशी बदललेला असतो.

जाहिरात असेल तर जाहिरात मानक परिषदेच्या संकेतस्थळावर. मालिका किंवा बातमी वाहिनीवर असेल तर आधी वाहिनीकडेच लेखी. २०२१ च्या नियमांनुसार तिने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील. ओटीटीसाठीही अशीच पायऱ्यांची रचना आहे. छापील वर्तमानपत्रासाठी आधी संपादकांना पत्र, मग प्रेस कौन्सिल. दैनिक-साप्ताहिकाबाबत मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने, इतरांबाबत चार.

तक्रार फेटाळली जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चुकीचा कायदा. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा असभ्य, मानहानीकारक चित्रणापुरता आहे. "बाईच का नेहमी भांडी घासते" ही तक्रार त्यात बसत नाही. ती मानक परिषदेच्या २०२२ च्या तत्त्वांखाली करायची. आणि तिथेही बाई भांडी घासताना दाखवणं निषिद्ध नाही. हे काम फक्त तिचंच आहे असं सुचवणं निषिद्ध आहे, तेव्हा तक्रारीत नेमका तो शॉट किंवा ते वाक्य दाखवा.

१७. दिग्दर्शक किंवा लेखिका बाई असेल तर चाचणी लावायची गरज नाही ना?

लावायची. मालिकेची कथा, पटकथा, संवाद, वाहिनीच्या सूचना आणि संकलन वेगवेगळ्या हातांतून जातात. श्रेयनामावलीचा वेगळा तक्ता ठेवा, पण निष्कर्ष पडद्यावरून काढा.

१८. साचा दाखवलाय, पण त्याला विरोध करण्यासाठीच. अशा वेळी नोंद कशी करायची?

प्रसंगाची नोंद जशीच्या तशी करायची, त्याला सूट नाही. फक्त एक जादा रकाना जोडा: गोष्ट या वागण्याला पुढे काय उत्तर देते? प्रभातच्या १९३७ च्या 'कुंकू'मध्ये तरुण नीराचं म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलं जातं. नुसते प्रसंग मोजले तर जुलमाचं चित्रण. पण शांता आपटेंची नीरा ते लग्न शेवटपर्यंत मान्य करत नाही, आणि गोष्ट तिच्या नकारावर चालते.

उलट प्रकारही असतो. वीस भाग सुनेचा छळ, आणि शेवटच्या दहा मिनिटांत सासूला पश्चात्ताप. तिथे जादा रकान्यात "उत्तर: हो" लिहून मोकळं होऊ नका. छळाची मिनिटं आणि उत्तराची मिनिटं शेजारी लिहा.